हलक्या कुळातला नाइट राजाच्या पहाऱ्यावर चालेल का?

प्रश्न थोडक्यात असा. कॉलेजच्या एकांकिकेसाठी एका मुलीने कथानक बेतलंय. मध्ययुगीन युरोपातला राजा, त्याच्या खास अंगरक्षकांची सात जणांची तुकडी, सातही जण मोठ्या घराण्यांतले. त्यातला एक मरतो. रिकाम्या जागेवर राजाला एका गवंड्याच्या मुलाला नेमायचंय. लढाईत गाजवलेल्या पराक्रमाबद्दल त्याला नुकताच नाइट केलाय. दरबार बिथरतो. ती विचारते, तो खरोखर लायक आहे का, की आजच्या विचारांमुळे आपल्याला तसं वाटतं? असं कधी घडलंय का, आणि पुढे काय झालं?

मी इतिहासकार नाही. पोलिस खात्यातली शेवटची एकोणीस वर्षं मी बड्या लोकांच्या संरक्षणासाठी माणसं निवडली, शिकवली, आणि काहींना हात जोडून परत पाठवलं. इतिहासाचा नाद निवृत्तीनंतरचा. त्यामुळे उत्तरात दोन्ही येईल, आणि थोडं पाल्हाळ होईल, ते चालवून घ्या.

आधी ‘लायक’ या शब्दाचं बघू. तुमचा राजा ती जागा बक्षीस म्हणून देतोय आणि दरबार ती घराण्याचा हक्क म्हणून मागतोय. म्हणजे दोघांनाही तो मानपानाचा पाट वाटतोय. पहारा हे काम आहे, आणि कंटाळवाणं काम आहे. वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस काहीही घडत नाही. जे घडायचं ते उरलेल्या एका दिवशी, दोन-तीन सेकंदांत. त्या दोन-तीन सेकंदांत माणूस काय करेल, एवढंच निवडणाऱ्याने बघायचं असतं. आणि इथे तुमच्या नाइटच्या पराक्रमाचीच मला जास्त काळजी वाटते.

आम्ही एक चाचणी घ्यायचो. बनावट सभा, पाच-पन्नास शिपाई प्रेक्षक म्हणून बसवलेले, मी साहेबाच्या खुर्चीत. शिकाऊ अंगरक्षक चार. हार घालायला लोक येतायत, आणि मध्येच मागच्या रांगेत कुणीतरी सुतळी बाँब फोडायचा. एका तुकडीत चारपैकी तिघं आवाजाच्या दिशेने धावले. धाडसी पोरं, वाद नाही. चौथ्याने माझी मान खाली दाबली, कमरेचा पट्टा धरला आणि पोत्यासारखं ओढत मला गाडीपाशी नेऊन टाकलं. माझा चष्मा फुटला. हा चौथा मेंढपाळाच्या घरचा. आल्या दिवशी मेसमध्ये त्याच्या जेवणाच्या पद्धतीवरून बाकीचे हसले होते. मी विचारलं, तू का नाही धावलास? तो म्हणाला, “साहेब, लांडगा दिसला म्हणून त्याच्यामागं पळायचं नसतंय. मेंढरं आत घ्यायची. एक तोंड दाखवतो, दुसरा दुसरीकडनं येतो.” मी जे सहा आठवडे शिकवणार होतो, ते तो शिकूनच आला होता.

तेव्हा तुमच्या गवंड्याच्या मुलाला नाइट कशाबद्दल केलं, ते आधी ठरवा. शत्रूच्या तटावर सगळ्यांच्या आधी चढला म्हणून केला असेल, तर त्याला फौजेत ठेवा, बढती द्या, जमीन द्या. घोड्यावरून पडलेल्या राजाजवळ पाय रोवून उभा राहिला म्हणून केला असेल, तर गोष्ट वेगळी.

आता कुळ. गवंड्याचा मुलगा तुम्ही सहज निवडला असेल, पण असा एक खरोखर होता. सर रॉबर्ट साल, इंग्लंडमधल्या नॉर्विच शहराचा. फ्रुआसार नावाच्या बखरकाराने त्याची गोष्ट लिहून ठेवलीय. जन्माने कुलीन नाही, पण देहाने दणकट आणि लढाईत तरबेज, म्हणून तिसऱ्या एडवर्ड राजाने त्याला नाइट केलं. १३८१ साली डोईपट्टीच्या जाचाने इंग्लंडमधले शेतकरी आणि कारागीर उठले. जूनमध्ये बंडवाल्यांचा एक मोठा जमाव नॉर्विचच्या वेशीवर आला. पुढारी जेफ्री लिट्स्टर, धंद्याने रंगारी. त्यांनी निरोप धाडला की सालने बाहेर येऊन बोलावं, नाहीतर शहर जाळू. तो घोड्यावर बसून एकटा बाहेर गेला.

बंडवाले त्याला मारायला आलेच नव्हते. त्यांना तो हवा होता. फ्रुआसार सांगतो त्याचा मथितार्थ असा: “तू कुलीन नाहीस, आम्हाला ठाऊक आहे. गरीब गवंड्याचा पोर तू, आमच्यातलाच. आमचा सेनापती हो, इंग्लंडचा चौथा हिस्सा तुझ्या हुकमात देऊ.” सालने शिव्या घालून नकार दिला, आपल्या धन्याशी बेइमानी करणार नाही म्हणाला. मग घोड्यावर चढायला गेला तर रिकिबीतला पाय चुकला, घोडा बुजला. जमाव ओरडला, मारा! त्याने घोडा सोडून दिला, बोर्दोची तलवार उपसली आणि पडेपर्यंत लढला. त्याने किती मारले याचे आकडे बखरकार नेहमीप्रमाणे फुगवतो. पण तो गेला, हे नक्की.

दरबाराच्या आक्षेपाचं जेवढं उत्तर इथे मिळतं तेवढं भाषणांतून मिळणार नाही. कुळवान मंडळींची भीती अशी असते की हलक्या जातीचा माणूस वेळ आली की आपल्या लोकांकडे जाईल. सालला त्याचे लोक स्वतः न्यायला आले होते, वर मोबदला देत होते. तुमच्या नाटकात हा प्रसंग वापरा, पण सोपा करू नका. बंडवाल्यांची गाऱ्हाणी खोटी नव्हती. त्या जमावात सालच्या बापासोबत विटा-दगड वाहिलेला एखादा म्हातारा असणं अगदी शक्य होतं. मला तर वाटतं की रिकिबीतला पाय चुकला तो उगाच नाही. हे माझं आपलं वाटणं, पुराव्याला त्यात जागा नाही.

साल शहराचा रखवालदार होता, राजाचा अंगरक्षक नव्हे. अंगरक्षकांचा दाखला त्याच देशात सोळा वर्षांनी सापडतो. १३८१ च्या बंडाच्या वेळी गादीवर चौदा वर्षांचा दुसरा रिचर्ड होता. पुढे १३८८ मध्ये देशातल्या बड्या सरदारांनी त्याच्या जवळच्या माणसांना देहदंड दिला आणि त्याचे हात बांधून टाकले. ते सरदार कोण? त्याचा सख्खा चुलता आणि चुलतभाऊ त्यांत होते. कुळाला कुळ, रक्ताला रक्त. रिचर्ड ते विसरला नाही. १३९७ च्या सुमारास त्याने चेशर परगण्यातल्या धनुर्धाऱ्यांचं खास पथक उभं केलं. तीनशेच्या वर माणसं, सात पहाऱ्यांत वाटलेली, रात्रंदिवस राजाच्या आगेमागे. साधी गावाकडची माणसं. ती राजाला डिकन म्हणायची, रिचर्डचं लाडाचं नाव. त्यांचं एक बोलणं बखरीत नोंदलं गेलंय: डिकन, आम्ही जागे आहोत तोवर तू निवांत झोप, आम्ही जिवंत आहोत तोवर भिऊ नकोस.

विठोबाला ‘विठ्या’ म्हणायची मुभा जनाबाईला होती, त्याचं आपल्याला कौतुक आहे. लंडनच्या दरबाराला डिकनचं कौतुक नव्हतं. बखरकारांचा संताप त्या एका शब्दावर जितका दिसतो, तितकाच तो पुढच्या गोष्टीवर आहे, आणि ती गोष्ट मात्र रास्त होती. ही माणसं वाटेत लोकांना मारहाण करायची, घेतलेल्या मालाचे पैसे द्यायची नाहीत, आणि राजा कानाडोळा करायचा. १३९९ मध्ये रिचर्डला गादीवरून काढलं, तेव्हा आरोपांच्या यादीत या चेशरवाल्यांची दांडगाई होती. गादी घेतली कुणी? त्याच चुलतभावाने, चौथा हेन्री म्हणून.

यात निवडीची चूक मला दिसत नाही. रिचर्डच्या जिवाला धोका होता तो गादीवर हक्क सांगू शकणाऱ्यांकडून, आणि चेशरच्या धनुर्धाऱ्याला इंग्लंडच्या गादीवर कोण बसवणार होतं? कुळ नसणं हीच त्याची खरी योग्यता होती. माती झाली ती निवडल्यानंतर. राजाने त्यांना लगाम घातला नाही. साहेबाच्या गाडीपुढे रस्ता मोकळा करताना फळवाल्याची गाडी उलटवणारा अंगरक्षक मी पाहिलाय. त्या दिवशी साहेबाचं जेवढं नुकसान त्याने केलं, तेवढं विरोधकांनी वर्षभरात केलं नसेल.

अनेक वर्षं माणसं निवडल्यावर माझ्यापुरता मी एक प्रश्न ठरवून टाकला: याच्या मागे कोण उभं आहे? कुळावरून माणसाचं धैर्य कळत नाही, अक्कल कळत नाही, इमान तर नाहीच. मागे कोण आहे, एवढं मात्र कळतं. मोठ्या घरच्या मुलाच्या मागे चुलते, मेहुणे, जमिनींचे दावे, घराण्याचे जुने हिशेब असतात. तो राजाजवळ उभा असतो तेव्हा ते सगळे त्याच्या खांद्यावरून डोकावत असतात. मला एकदा एक तरुण शिपाई भारी वशिल्याने देण्यात आला. उंच, देखणा, इंग्रजी फर्डं, नेमबाजीत पहिला. चार महिन्यांनी लक्षात आलं की साहेबाचा दौरा आमच्या नियंत्रण कक्षाआधी भलत्याच बंगल्यावर पोचतोय. पोरगा बदमाश नव्हता. ज्याने चिकटवलं त्याचा फोन आला की नाही म्हणता येत नव्हतं, इतकंच. त्याला मी सोडलं. त्याच्या जागी घेतलेल्याला कुणाचाच फोन येत नसे. आईचा यायचा, रविवारी.

पण या तर्काची दुसरी बाजूही दाखवतो, नाहीतर तुमचं नाटक एकतर्फी होईल. इंग्लंडात गवंड्याचा मुलगा राजा होऊ शकत नव्हता. कॉन्स्टँटिनोपलमध्ये, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये, होऊ शकत होता.

पाचव्या शतकातली गोष्ट. पूर्व रोमन साम्राज्याचा सम्राट पहिला लिओ याच्याजवळ राजवाड्याचं जुनं रक्षक दल होतं, पण ते मिरवणुकीपुरतं उरलेलं. शिवाय आस्पार नावाच्या सेनापतीच्या मुठीत सगळी सत्ता. लिओने नवं दल काढलं, एक्स्कुबितोर, फक्त तीनशे माणसांचं, आणि त्यात काटक, खेडवळ लढवय्ये घेतले. त्याच सुमारास बाल्कनमधल्या बेदेरियाना गावचे तीन तरुण शेतकरी गरिबीला कंटाळून राजधानीकडे चालत निघाले. झिमार्कस, दितिविस्तस आणि जस्टिन. अंगावरच्या घोंगड्यांत बांधलेली वाळकी भाकरी, बाकी काही नाही. ही नोंद त्या काळच्या प्रोकोपियस या इतिहासकाराची, आणि तो या घराण्याचा दुष्मन, त्यामुळे हिणवण्यासाठी लिहिलीय हे उघड आहे. पण त्या भाकरीमुळेच ते तिघं मला डोळ्यांपुढे दिसतात. तिघं अंगापिंडाने उत्तम, म्हणून राजवाड्याच्या दलात घेतले गेले.

जस्टिनने लिओ, झेनो, अनास्तासियस अशा सम्राटांच्या राजवटी पाहिल्या, मोहिमा केल्या, एकदा तर कैदेत पडून मरतामरता वाचला. बायको केली ती विकत घेतलेली गुलाम बाई. लिहिता येत नव्हतं. प्रोकोपियस म्हणतो की सहीसाठी लाकडी पट्टीत अक्षरं कोरली होती आणि लोक त्याचा हात धरून त्यातून लेखणी फिरवायचे. चढत चढत तो त्या तीनशेंचा प्रमुख झाला. ५१८ च्या जुलैमध्ये अनास्तासियस वारस न नेमता वारला. राजवाड्यातला बडा अधिकारी अमांतियस याला आपला माणूस गादीवर बसवायचा होता. सैनिकांत वाटायला म्हणून त्याने जस्टिनकडे पैसे दिले. पैसे वाटले गेले. सम्राट मात्र जस्टिन झाला, साठी ओलांडलेला. अमांतियस काही दिवसांत मारला गेला. जस्टिनचा भाचा म्हणजे पुढचा सम्राट जस्टिनियन.

तुमचा दरबार म्हणेल, बघा, सांगत होतो! मी म्हणेन, नीट बघा. जवळपास अर्धं शतक हा माणूस पहाऱ्यावर होता आणि ज्यांचं मीठ खाल्लं त्यांपैकी कुणाच्याही अंगावर त्याने हात टाकला नाही. गादी रिकामी झाली तेव्हा तो दाराशी होता, किल्ल्या त्याच्याजवळ होत्या, आणि एका दीडशहाण्याने पैशांची थैली त्याच्या हातात ठेवली. हे कुळाचं काम नाही, जागेचं आहे. त्या जागी मोठ्या घरचा कुणी असता तर इतकी वर्षं थांबला असता का, मला शंका आहे. अमांतियसची चूक आजही लोक करतात. अडाणी आहे म्हणजे आपला आहे, असं धरून चालतात.

रोममध्ये हाच वाद तीनशे वर्षं आधी जसाच्या तसा झाला होता. १९३ साली प्रिटोरियन रक्षकांनी, म्हणजे सम्राटाच्याच खास पहारेकऱ्यांनी, सम्राटाला मारलं आणि गादीचा चक्क लिलाव केला. दिदियस जुलियानसने दर रक्षकामागे २५ हजार सेस्टर्सची (रोमन नाण्यांची) बोली लावून ती घेतली. त्यानंतर आलेल्या सेप्टिमियस सेव्हेरसने ते दलच मोडलं. आधी त्यात प्रामुख्याने इटलीची आणि काही ठराविक जुन्या प्रांतांची मुलं घेत. याने सरहद्दीवरच्या पलटणींतले शिपाई आणले. सिनेटर दिओ कासियस तक्रार करतो की शहर असल्या माणसांनी भरलं, दिसायला रानटी, बोलायला भीतिदायक, वागायला गावंढळ. तक्रार वाचली की हसू येतं, कारण लिलाव ज्यांनी केला ती दिओच्या पसंतीची, बघण्यासारखी माणसं होती. पण नव्यांनीही पुढे २२२ मध्ये आणि २३८ मध्ये सम्राट मारलेच.

आपल्याकडचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. प्रतापगडाखाली १० नोव्हेंबर १६५९ रोजी शिवाजी महाराजांनी अफजलखानाच्या भेटीला जे दहा जण नेले, त्यांत संभाजी कावजी, येसाजी कंक यांच्यासोबत सिद्दी इब्राहिम होता आणि जिवा महाला होता. जिवा न्हावी समाजातला. सय्यद बंडाचा वार त्याने वरचेवर उडवला, म्हणून ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’. म्हण सगळ्यांना पाठ आहे, पण अंगरक्षकाच्या नजरेने ती कुणी वाचत नाही. जिवा खानाच्या अंगावर धावला नाही. तो महाराजांपाशी होता, आणि महाराजांवर येणाऱ्या हाताकडे त्याचं लक्ष होतं. आम्ही पोरांना हेच घोकून घ्यायचो, हार घालणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघू नका, हाताकडे बघा. चेहरा हसतो, हात हसत नाही.

आणि शनिवारवाडा. ३० ऑगस्ट १७७३. अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांना वाड्याच्या पहाऱ्यावरच्या गारद्यांनीच कापलं. सुमेरसिंग गारदी सगळ्यांना आठवतो, आणि आठवताना ‘भाडोत्री परके’ असं म्हणून आपण मोकळे होतो. पण कटात तुळाजी पवार होता, घरचाच माणूस. आणि रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून दोष ठेवला तो खुद्द चुलत्यावर, रघुनाथरावांवर. गारद्यांच्या थकलेल्या पगाराची कुरबुर आधीपासून होती. राखणाऱ्याचा पगार थकवायचा आणि शत्रू घरातच नजरकैदेत ठेवायचा, हा बंदोबस्त म्हणायचा का? ‘ध’चा ‘मा’ कुणी केला यावर दोनशे वर्षं चर्चा झाली. पगार का थकला यावर तितकी झाली असती तर बरं. त्या गदारोळात नारायणरावांच्या अंगावर आडवा पडला तो चाफाजी टिळेकर, खिदमतगार. हत्यारबंद पहारेकरी नव्हे, नोकर. धन्यासोबत तोही कापला गेला. सालची तलवार चांगलीच, पण अंगरक्षकाचं काम मला विचाराल तर ते चाफाजीने केलं.

त्याच साली, महिन्याभराच्या अंतराने, बनारसला वॉरन हेस्टिंग्जने स्वतःसाठी पन्नास स्वारांचं अंगरक्षक पथक उभं केलं. तेच आजचं राष्ट्रपतींचं अंगरक्षक दल. त्यातली भरती ठराविक समाजांतूनच का, हा वाद न्यायालयात गेला होता, आणि सैन्याने बाजू मांडली ती समारंभासाठी उंची, बांधा, दिसणं सारखं लागतं अशी. म्हणजे जस्टिनला ज्या कारणाने घेतलं, तेच! मला स्वतःला हे पटत नाही, पण मिरवणुकीचा घोडेस्वार आणि अंगावर पडणारा माणूस ही दोन वेगळी कामं आहेत, आणि तुमच्या राजानेही ती वेगळी ठेवावीत. सहा कुळवंत मिरवायला राहू देत की.

तर माझं उत्तर हो. तुमचा गवंड्याचा मुलगा चालेल. तो राजाच्या अंगावर आडवा पडणाऱ्यांतला असेल तर इतर सहांपेक्षा बरा. पण नेमल्यानंतर राजा काय करतो त्यावर नाटक उभं करा. पगार वेळेवर मिळतो का, हे तर शनिवारवाड्याने सांगितलंच.

दुसरं म्हणजे टवाळी. रोमच्या कालिगुला सम्राटाच्या रक्षकांत कासियस खेरिया हा मुरलेला लढवय्या अधिकारी होता. आवाज जरा नाजूक, म्हणून सम्राट त्याला रोज रात्रीचा परवलीचा शब्द देताना मुद्दाम अश्लील किंवा बायकी शब्द द्यायचा. खेरियाला तो शब्द जाऊन सगळ्या पहारेकऱ्यांना सांगावा लागे, आणि ते फिदीफिदी हसत. इसवी सन ४१ च्या जानेवारीत पहिला वार खेरियाचाच होता. तुमच्या नाइटला बाकीचे सहा ‘ए गवंडी’ म्हणतील, ते तो गिळेल. लहानपणापासून गिळत आलाय. राजा एकदा म्हणाला तर गिळेल का, ते सांगता येत नाही. माझ्या मेंढपाळाला मेसमध्ये हसणाऱ्यांना मी काही बोललो नाही. फक्त रात्रपाळीत त्याच्या जोडीला त्यांतलाच एक-एक लावला. दिवसा हसणारा माणूस पहाटे तीनला थर्मासमधला अर्धा चहा ओतून देतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

तिसरं, शिडी. फ्रान्सच्या राजाच्या ‘गार्द फ्रांसेझ’ पलटणीत शिपाई साध्या घरचे असत, पण अधिकारी व्हायला खानदान लागे. १७८१ च्या हुकमाने तर सैन्यात थेट अधिकारी व्हायला चार पिढ्यांची कुलीनता दाखवणं आलं. व्हर्सायच्या तबेल्यातल्या नोकराचा मुलगा लाझार ओश १७८४ मध्ये त्या पलटणीत शिरला आणि खालीच अडकला. १४ जुलै १७८९ ला त्याच पलटणीतले शिपाई तोफा घेऊन पॅरिसच्या बास्ती या किल्लेवजा तुरुंगावर चालून गेले, आणि फ्रेंच राज्यक्रांती पेटली. ओश पंचविसाव्या वर्षी सेनापती झाला, राजाचा नव्हे, क्रांतीचा. तेव्हा गवंड्याच्या मुलाला आत घेणार असाल, तर उद्या तो त्या सातांचा प्रमुख होऊ शकेल की नाही, हे राजाने आजच स्वतःला विचारलेलं बरं.

शेवटी रंगमंचापुरतं एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी. नेमणुकीचा प्रसंग लिहाल तेव्हा शपथ आणि तलवारीचा खांद्याला स्पर्श लवकर आटपा. त्यानंतरचा दरबार दाखवा. राजा बसलाय, सहा कुळवंत रक्षक जागेवर आहेत, आणि सहाही जण नकळत राजाकडे तोंड करून, किंचित झुकून उभे आहेत, कारण राजाकडे पाठ करायची नाही हे त्यांना पाळण्यात असल्यापासून शिकवलंय. सातवा आत येतो. त्याला कुणी काही शिकवलेलं नाही. तो खोली बघतो, दारं मोजतो, राजाच्या खुर्चीपुढे जातो आणि वळतो. पाठ राजाकडे, तोंड दरबाराकडे, नजर पहिल्या रांगेतल्या हातांवर. दरबारात कुजबुज सुरू होते. काही जण हळूच आपले हात झग्याबाहेर काढून गुडघ्यावर ठेवतात.